चिक चॉकलेट : सूर घरोघरी, नाव पडद्यामागे

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात यात्रेची रात्र म्हणजे तमाशाची रात्र. नारायणगाव तर तमाशाची पंढरीच मानले जाते. नारायणगाव असो, मंचर असो की अवसरी खुर्द, फडापुढे बसणाऱ्या रसिकाला एक क्षण नेमका ठाऊक असतो. ढोलकीवाला एक अवघड तुकडा वाजवून थांबतो आणि आता घुंगरांनी त्याला उत्तर द्यायचे असते. हे उत्तर कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. जमले तर फेटे उडतात, चुकले तर साऱ्या गावासमोर चुकते. कलावंताची खरी परीक्षा त्या क्षणी होते.

सातासमुद्रापलीकडच्या ब्लूज आणि जॅझ या संगीतातही हाच क्षण सर्वांत मोलाचा असतो. चार-पाच वादक एकत्र जमतात. गिटार किंवा पियानो स्वरमेळांचा पाया धरून ठेवतो, ड्रम ठेका देतो आणि एकेक वादक पुढे येऊन त्या पायावर मनाला येईल ते बांधून दाखवतो. या बैठकीला 'जॅम सेशन' म्हणतात. मुंबईत या संगीताचा जो सुवर्णकाळ होऊन गेला, त्याचा एक मानकरी गोव्याच्या बार्देश तालुक्यातील हळदोणे गावचा होता. त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. रसिकांनी त्यांना ओळखले ते मात्र चिक चॉकलेट या नावाने, आणि त्यांना पदवी दिली ती भारताच्या लुई आर्मस्ट्राँगची.

चिक यांचा जन्म १९१६ सालचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या राजवटीने गोमंतकीय ख्रिस्ती समाजाला जे काही दिले, त्यात संगीताचे शिक्षण ही मोठीच देणगी ठरली. गावोगावच्या चर्चला जोडून संगीताच्या शाळा असत. तेथे लहान वयातच मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवली जाई. प्रार्थनेच्या वेळी गायचे, सणाच्या मिरवणुकीत बँडमध्ये वाजवायचे, लग्नसमारंभात व्हायोलिन धरायचे, अशा रीतीने मूल वाढता वाढता वादक होई. शेताचा लहानसा तुकडा आणि हाताशी असलेली ही विद्या, एवढीच पुंजी घेऊन गोव्यातील कितीतरी तरुण घराबाहेर पडले. कोणी आफ्रिकेत गेले, कोणी ब्रह्मदेशात, कोणी आगबोटींवर. बहुतेकांची पहिली पायरी मात्र मुंबईच असे.

मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोमंतकीयांच्या 'कूड' असत. प्रत्येक गावाची आपली वेगळी कूड. एका मोठ्या खोलीत गावची माणसे ओळीने पेट्या मांडून राहत, सायंकाळी एकत्र प्रार्थना म्हणत आणि कामाच्या शोधात दिवसभर शहर पालथे घालत. मूकपटांच्या जमान्यात पडद्यापुढे बसून वाद्ये वाजवणारे वादक लागत. बोलपट आल्यावर ते काम संपले. पण हॉटेले, क्लब आणि नृत्यशाळा यांना वादकांची गरज होतीच. चिक यांची पिढी मुंबईत उभी राहिली ती या वळणावर.

त्यांच्या टोपणनावाचीही एक कथा आहे. 'चिको' म्हणजे छोटा, बाळ. आई त्यांना याच नावाने हाक मारी आणि त्याचेच पुढे 'चिक' झाले, असे मानले जाते. त्याला 'चॉकलेट' जोडले गेले आणि एक झकपक, लक्षात राहील असे रंगमंचीय नाव तयार झाले. अमेरिकी वादकांची नावे तेव्हा अशीच चटकदार असत. मुंबईतील श्रोत्याला बँडच्या फलकावर वाझ या आडनावापेक्षा हे नाव अधिक भुरळ घालणारे होते, हे उघड आहे.

मुंबईला जॅझची खरी ओळख झाली ती १९३५ साली. कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाले. त्यांच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. अमेरिकेत वर्णभेदाने ज्यांना हॉटेलच्या पुढच्या दाराने आत पाऊल टाकता येत नसे, असे हे कलावंत येथे मानाने राहिले, वाजवत राहिले. वेदरफर्ड तर पुढे कोलकात्यालाच स्थिरावले आणि १९४५ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. या मंडळींनी नकळत एक मोठे काम केले. तोवर गोमंतकीय वादकांना वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटची कागदावरील सुरावट बिनचूक वाजवता येत होती. कागद बाजूला ठेवून वाजवायचे कसे, हे त्यांनी या कृष्णवर्णीय कलावंतांकडून शिकून घेतले.

ही विद्या सोपी नव्हती. ब्लूज वरवर पाहता साधा असतो. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन, आणि त्यात अवघे तीन मुख्य स्वरमेळ. पण त्याचा प्राण असतो सुरांच्या मधल्या जागांत. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कोठेतरी एक हळवी जागा असते. गिटारवादक तार दाबून, खेचून ती काढतो, जशी आपला सतारिया मींड काढतो. ट्रम्पेटवादकाला तीच जागा ओठांच्या आणि श्वासाच्या जोरावर काढावी लागते. स्वरलिपीच्या पाच रेषांवर तिला घर नसते. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या गाण्यातून ती आलेली. ती कानाने ऐकावी लागते आणि मनाने उचलावी लागते.

चिक यांचे दैवत होते लुई आर्मस्ट्राँग. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत १९०१ साली जन्मलेल्या या कलावंताने १९२०च्या दशकात ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे साऱ्या जगाला ट्रम्पेट कसा बोलतो ते दाखवून दिले होते. त्याच्या तबकड्या बोटींनी मुंबईला येत. त्या पुन्हा पुन्हा लावून, सुई जागच्या जागी मागे नेत, येथील वादक त्यातील एकेक तान उतरवून घेत. चिक यांनी आर्मस्ट्राँगचा नुसता सूरच नव्हे, तर सारा आविर्भावच उचलला. तो खरखरीत, घोगरा आवाज, घाम टिपण्यासाठी हाती घेतलेला पांढरा रुमाल, वाजवता वाजवता श्रोत्यांकडे फेकलेले हसू, सगळे काही त्यांच्याकडे होते. नक्कल म्हणून त्याची हेटाळणी करणे सोपे आहे. पण आपल्याकडे शिष्य गुरूची गायकी उचलतो तेव्हा त्याला आपण तालीम म्हणतो. चिक यांचा गुरू हजारो मैलांवर होता आणि तालीम तबकडीवर चालली होती, एवढाच काय तो फरक.

आरंभी 'स्पॉटलाइट्स' नावाच्या ताफ्यात वाजवणारे चिक पुढे स्वतःच्या बँडचे प्रमुख झाले. अपोलो बंदरावर ताजच्या शेजारीच ग्रीन्स हॉटेल होते. पुढे ते पाडून त्या जागी ताजचा मनोरा उभा राहिला. या ग्रीन्समध्ये चिक यांचा ट्रम्पेट घुमू लागला. नंतर ताजमध्येही अकरा वादकांचा त्यांचा ताफा रंग भरू लागला. मुंबईचा हंगाम ओसरला की बँड मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी जाई, कारण श्रीमंत गिऱ्हाईकच तिकडे गेलेले असे. 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' या नावाने त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही निघाल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर मुंबई सैनिकांनी भरून गेली. युद्धावरून परतलेल्या किंवा युद्धावर निघालेल्या ब्रिटिश आणि अमेरिकी जवानांना नाचायला, विसरायला संगीत हवे होते. हॉटेलांचे तक्तपोशीचे मजले पहाटेपर्यंत गजबजलेले असत. रात्रीचे ठरलेले काम आटोपल्यावर वादक एकत्र जमत आणि मग केवळ स्वतःसाठी वाजवत. हॉटेलच्या व्यवस्थापकाने नेमून दिलेले गाणे तेथे नसे, नाचणाऱ्या जोडप्यांची मर्जी सांभाळण्याचे बंधन नसे. ब्लूजची बारा खंडांची चौकट सर्वांना पाठ. एकाने गिटारवर ती धरली की कोणत्याही ताफ्यातला, कोणत्याही गावचा वादक तिच्यात सामील होऊ शके. पुढे चर्चगेटच्या उपाहारगृहांत रविवारच्या जॅम सेशन्सनी या बैठकांना उघड रूप दिले आणि कॉलेजातील तरुण-तरुणी तेथे गर्दी करू लागली.

स्वातंत्र्य मिळाले आणि चित्र पालटले. गोरे अधिकारी मायदेशी परतले, संस्थानिकांची तनख्यांवर बोळवण झाली. त्यातच मुंबईत १९४९चा दारूबंदी कायदा आला. ज्या पेल्यांच्या किणकिणाटावर क्लबांचे अर्थकारण उभे होते ते पेलेच रिकामे झाले. बँड लहान झाले, काही बंद पडले. वादकांना दुसरा आसरा शोधणे भाग पडले आणि तो त्यांना सापडला चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत.

येथेच चिक यांच्या आयुष्यात एक मराठी माणूस आला. नगर जिल्ह्यातील पुणतांबे गावी १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. सारे त्यांना अण्णा म्हणत. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी शास्त्रोक्त धडे गिरवले होते. चित्रपटात नायक होण्याची स्वप्ने पाहिली आणि ती विफल झाल्यावर मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये हार्मोनियमवर साथ करून दिवस काढले. रागदारीच्या संस्कारात वाढलेल्या या माणसाचा कान विलक्षण मोकळा होता. अमेरिकी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या स्विंग संगीताने त्यांना झपाटून टाकले होते. ते संगीत अंगात मुरलेले वादक त्यांना गोमंतकीयांत भेटले आणि त्यांतही चिक यांच्यासारखा सहायक लाभला.

या दोघांची कामाची पद्धत समजून घेतली की त्यांच्या जोडीचे महत्त्व ध्यानी येते. हिंदी चित्रपटाचा संगीतकार चाल बांधे ती हार्मोनियमवर, सरगमच्या आधारे. समोर पन्नासेक वादकांचा ताफा बसलेला असे आणि त्यातील निम्म्यांना सरगम कळत नसे, तर उरलेल्या निम्म्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी. या दोन काठांना जोडणारा पूल म्हणजे गोमंतकीय संयोजक. चाल ऐकून तो ती कागदावर उतरवी. व्हायोलिनने काय वाजवायचे, गिटारने कोणते स्वरमेळ धरायचे, ट्रम्पेटने कोठे घुसायचे हे ठरवी. दोन कडव्यांमधील तो चमकदार तुकडा, जो ऐकताच आपण गाणे ओळखतो, तो पुष्कळदा याच मंडळींच्या हातचा असे.

१९४७ साली स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर फिल्मिस्तानचा 'शहनाई' झळकला. त्यातील रविवारच्या भेटीचे ते खट्याळ गाणे मीना कपूर, शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांनी गायले होते. गिटार, हार्मोनिका, सॅक्सोफोन आणि शीळ यांचा असा मेळ हिंदी गीतांच्या श्रोत्यांना नवा होता. गाणे रस्तोरस्ती वाजू लागले आणि टीकेचा भडिमारही सुरू झाला. चित्रपटसंगीत बाटले, थिल्लर झाले, असा सूर जाणकारांनी लावला. श्रोत्यांनी मात्र आपला कौल दिला होता. १९५०च्या 'समाधी'त लॅटिन अमेरिकी ढंगाचे नृत्यगीत आले आणि तेही तितकेच गाजले.

या साऱ्याचा कळस झाला तो १९५१ साली 'अलबेला'त. या चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक होते भगवानदादा पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, मारामारीच्या स्वस्त चित्रपटांतून वर आलेला हा दादरचा माणूस अण्णांचा जुना मित्र होता. मित्राच्या चित्रपटासाठी अण्णांनी भात्यातील सारे बाण बाहेर काढले. एकीकडे अस्सल भारतीय अंगाई आणि दुसरीकडे बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांनी पेटवलेले नृत्यगीत. राजिंदर कृष्ण यांचे शब्द, लता मंगेशकर आणि चितळकर यांचे आवाज, पडद्यावर गीता बाली आणि भगवानदादा. लोकांनी चित्रपटगृहात पडद्यावर पैसे उधळले. भगवानदादांची ती साधी, डुलत चालणारी नृत्यशैली पुढे मोठमोठ्या नटांनी उचलली आणि गणपतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या सामान्य माणसाने तर ती आपलीच करून टाकली.

या चित्रपटात आणखी एक गोष्ट घडली, ती त्या काळी दुर्मीळच म्हटली पाहिजे. एरवी ध्वनिमुद्रणगृहाच्या चार भिंतींआड राहणारे वादक पडद्यावर दिसले. झालरींच्या बाह्यांचे क्यूबन थाटाचे पोशाख घालून चिक आणि त्यांचा ताफा एका गाण्यात प्रत्यक्ष उभा आहे. आज तो चित्रपट पाहणाऱ्याची नजर साहजिकच नायक-नायिकेवर असते. पण मागे ट्रम्पेट ओठांना लावलेला तो सावळा, हसरा माणूस म्हणजे सोंग घेतलेला कोणी नट नव्हे. त्या सुरांत ज्याचा प्राण होता तोच तेथे उभा आहे.

त्याच वर्षी चिक यांना स्वतंत्र संगीतकार म्हणूनही संधी मिळाली. देव आनंद आणि मधुबाला यांच्या 'नादान' (१९५१) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. त्यात तलत महमूद यांच्या मखमली आवाजातील एक संथ, हळुवार गाणे आहे. ते ऐकताना, हीच व्यक्ती ताजच्या तक्तपोशीवर धमाल उडवणारी, यावर विश्वास बसू नये. पाठोपाठ 'रंगीली' (१९५२) आणि निसार बज्मी यांच्या जोडीने 'कर भला' (१९५६) हे चित्रपट आले. पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. निर्मात्यांशी संधान बांधणे, वितरकांची मर्जी राखणे, उर्दू-हिंदी शायरीची नस ओळखणे या साऱ्या गोष्टी संगीतकाराच्या धंद्यात लागतात. नुसता सूर तेथे पुरत नाही. चिक पुन्हा आपल्या ट्रम्पेटकडे, आपल्या बँडकडे आणि सहायकाच्या खुर्चीकडे वळले. सी. रामचंद्र यांच्याप्रमाणे मदनमोहन यांच्याकडेही त्यांनी काम केले.

त्या काळच्या वादकाची दिनचर्या कष्टाची होती. सकाळी ध्वनिमुद्रणगृह गाठायचे. तेव्हा आजच्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रण करण्याची सोय नव्हती. गायक आणि सारा ताफा एकाच वेळी, एकाच दमात गाणे बांधत. पन्नासातील एकजण चुकला तरी सारे पुन्हा पहिल्यापासून. सायंकाळी सूट चढवून हॉटेलात हजर व्हायचे आणि मध्यरात्रीपर्यंत वाजवायचे. पैसे मिळत ते पाळीच्या हिशेबाने. गाणे किती गाजले, तबकड्या किती खपल्या याचा त्या पैशांशी काही संबंध नसे. तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव, पुढे गीतकाराचेही नाव आले. गिटार कोणी छेडली, ट्रम्पेट कोणी फुंकला हे मात्र कोठेही नोंदले गेले नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सहायक म्हणून एखादे नाव क्षणभर चमकून जाई, तेवढेच.

ही उपेक्षा एकट्या चिक यांच्या वाट्याला आली नव्हती. सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, जॉनी गोम्स अशी गोमंतकीयांची एक मोठी परंपराच हिंदी चित्रपटसंगीताच्या पायात गाडली गेली आहे. सी. रामचंद्र यांच्या १९५७च्या 'आशा'तील ते निरर्थक अक्षरांचे धमाल गाणे किशोरकुमारमुळे अजरामर झाले. त्यात कोकणी बोलीतील नकाराचे दोन शब्द घुसले ते गोम्स यांच्यामुळे. देशभरातील मुलांनी ते शब्द गुणगुणले, पण ही कोकणी आहे हे कितीजणांना ठाऊक होते? अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले ते त्यांच्या व्हायोलिनमुळे नव्हे, तर त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधील एका गाण्यातून गुरूला वाहिलेल्या मानवंदनेमुळे. तरीही ते नाव एका खऱ्याखुऱ्या वादकाचे आहे, हे बहुतेकांना कळलेच नाही.

अण्णांनी पाश्चात्त्य सूर चोरले, असा आरोप त्यांच्या हयातीत झाला आणि नंतरही होत राहिला. काही चाली परदेशी गाण्यांवर बेतलेल्या होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केवळ उसनवारीने गाणे टिकत नाही. 'अलबेला'ची गाणी सत्तरहून अधिक वर्षे तग धरून आहेत, कारण त्यांत दोन वेगळ्या तालमी एकमेकींना भेटल्या. पुणतांब्याच्या माणसाने रागातील हळव्या जागा आणल्या, हळदोण्याच्या माणसाने ब्लूजमधील. एक गंधार इकडचा, एक तिकडचा. दोघांनाही लिहिलेल्या सुरांच्या पलीकडची जागा कळत होती आणि म्हणूनच ते एकमेकांना समजू शकले. मैफलीत समोरच्याचे ऐकूनच आपले वाजवायचे असते. जॅमचा हा नियम त्यांनी चित्रपटगीतात आणला.

१९६०च्या दशकात काळ पुन्हा बदलला. अमेरिकी सरकारने सांस्कृतिक दूत म्हणून पाठवलेले ड्यूक एलिंग्टन १९६३ साली मुंबईत वाजवून गेले, खुद्द लुई आर्मस्ट्राँग १९६४ साली भारतात येऊन गेले. ज्या संगीताची तालीम चिक यांनी तबकड्यांवरून घेतली, ते संगीत आता दाराशी आले होते. पण तरुणांचे कान दुसरीकडे वळू लागले होते. लिव्हरपूलच्या चार पोरांनी इलेक्ट्रिक गिटारला नवे सिंहासन दिले. तीन गिटार आणि एक ड्रम एवढ्यावर नाचाचा कार्यक्रम भागू लागला. अकरा वादकांचा ताफा पोसणे हॉटेलांना परवडेनासे झाले. हिंदी चित्रपटातही १९६६च्या 'तीसरी मंझिल'मध्ये राहुलदेव बर्मन यांनी गिटारला अग्रस्थानी बसवले. एके काळी मागे बसून स्वरमेळ धरणारे हे वाद्य पुढे आले आणि पितळी वाद्ये मागे सरली.

हा बदल पुरता घडून येण्याआधीच चिक चॉकलेट यांची जीवनयात्रा संपली. मे १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशी त्यांनी नुकतीच पार केली होती. त्यांचे आदर्श असलेले आर्मस्ट्राँग त्यांच्यानंतर चार वर्षांनी, १९७१ साली गेले. सी. रामचंद्र यांनी १९७७ मध्ये आत्मचरित्र लिहिले आणि ५ जानेवारी १९८२ रोजी जगाचा निरोप घेतला. लाखो रुपये मिळवून ते गमावलेले भगवानदादा २००२ साली दादरच्या चाळीतील खोलीत निवर्तले. गणेशोत्सवाची मिरवणूक त्यांच्या चाळीशी थांबून 'अलबेला'चे गाणे वाजवी, असे सांगतात.

चिक यांच्या वाट्याला असे थांबणेही आले नाही. त्यांच्या तबकड्या दुर्मीळ झाल्या, ग्रीन्स हॉटेल नाहीसे झाले, चर्चगेटची ती संगीतमय उपाहारगृहे एकेक करून शांत झाली. अलीकडच्या काळात मात्र या विस्मृतीवरची धूळ थोडी झटकली गेली आहे. पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास जुळवून मांडला आणि त्यात चिक यांना त्यांचे स्थान मिळाले.

खेड्यापाड्यांत लग्नाची वरात निघते. पुढे बँडवाले असतात. नवरदेवाचे मित्र फर्माईश करतात आणि बँडवाला गाल फुगवून 'अलबेला'ची धून उचलतो. त्याला स्वरलिपी येत नाही. चिक चॉकलेट हे नाव त्याने बहुधा ऐकलेलेही नसते. आपल्या उस्तादाकडून कानाने ऐकून त्याने ती धून घेतली आहे, जशी चिक यांनी तबकडीवरून घेतली होती. वाजवता वाजवता तो एका जागी मूळ चाल सोडतो, मनाची एक लहानशी तान टाकतो आणि डुलत परत ठेक्यावर येतो. पुढे नाचणाऱ्या पोरांना त्या तानेचा पत्ताही लागत नाही. ट्रम्पेट मात्र त्या क्षणापुरता त्याचा स्वतःचा असतो.